आवाज थांबले, पण काम जमेना: स्किझोफ्रेनियात मेंदूचं काय होतं आणि घरच्यांनी काय करायचं

माझा धाकटा भाऊ तीन आठवडे ॲडमिट राहून घरी आला तेव्हा त्याला ऐकू येणारे आवाज थांबले होते, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात हे पण बंद झालं होतं, आणि आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. आईने पेढे वाटले. पंधरा दिवसांनी बाबांनी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं, अर्धा लिटर दूध, कोथिंबिरीची जुडी आणि काडेपेटी. पाऊण तासाने परत आला तो नुसती काडेपेटी घेऊन. पायात चप्पल तशीच, उंबऱ्यात उभा, आणि बाबांनी "लक्ष कुठं असतं रे तुझं" करून जो आवाज चढवला ना, तो सगळ्या बिल्डिंगने ऐकला असणार. मी पण त्या दिवशी मनात म्हटलं, आता बरा झालाय, आता हा आळस आहे.

चूक होती ती. साफ चूक. आणि ही चूक साताऱ्यातल्या आमच्याच घरात झाली असं नाही, नंतर जेवढे पालक भेटले त्यातल्या बहुतेकांनी हीच केलेली. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, अकरा वर्षं घरात हे बघणारी मोठी बहीण आहे, गोळ्या कमीजास्त करायचा विषय आला की ते तुमच्या सायकियाट्रिस्टशीच बोलायचं हे आधीच सांगून ठेवते.

आधी समजून घ्या, मेंदूत नेमकं काय असतं

स्किझोफ्रेनियात तीन गठ्ठे असतात. पहिला म्हणजे आवाज, भास, संशय. दुसरा म्हणजे बोलणं कमी होणं, इच्छाच न होणं, चेहऱ्यावर काही न दिसणं. आणि तिसरा, ज्याबद्दल ओपीडीतल्या पाच मिनिटांत कोणी बोलत नाही, तो म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा स्पीड आणि प्लॅनिंग. गोळ्या डोपामिन नावाच्या मेंदूतल्या रसायनावर काम करतात, त्या पहिल्या गठ्ठ्यावर चांगल्या चालतात, दुसऱ्यावर थोड्या, आणि तिसऱ्यावर जवळपास नाहीच. म्हणजे आवाज थांबले आणि माणूस तरी कामात गोंधळतोय, तर गोळ्या फेल गेल्या असं नाही, तो नाटक करतोय असं तर अजिबातच नाही.

हे काही नवीन नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत क्रेपेलिन नावाच्या डॉक्टरने या आजाराला नावच दिलं होतं डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे तरुणपणीच आलेला बुद्धीचा ऱ्हास. स्किझोफ्रेनिया हा शब्द नंतर, १९०८ साली, स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरने आणला. क्रेपेलिनचं एक चुकलं, हा म्हातारपणातल्या डिमेन्शियासारखा दरवर्षी घसरत जाणारा प्रकार सहसा नसतो. घसरण बऱ्याचदा पहिल्या झटक्याच्या (झटका म्हणजे फिट नाही, आवाज-संशय जोरात उसळतात तो काळ) आधीच सुरू झालेली असते (आमच्याकडे बारावीत मार्क अचानक पडले होते, आम्ही मोबाईलला दोष दिला) आणि मग बहुतेकांच्या बाबतीत साधारण त्याच पातळीवर राहते. किती घसरण? शंभर निरोगी माणसं चाचणीच्या मार्कांप्रमाणे ओळीत उभी केली तर सरासरी पेशंट खालून पंधरा-सोळाव्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. सरासरी हां, काहीजण उत्तम असतात.

आता मेंदूचा आकार. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या टीमने, तेव्हा सीटी स्कॅन नुकताच आला होता, १७ जुन्या पेशंटचे मेंदू बघितले आणि त्यांच्या मेंदूतल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्या, ज्यांना व्हेंट्रिकल म्हणतात, त्या मोठ्या दिसल्या. आईच्या वागण्याने मूल असं होतं असं तोपर्यंत बिनधास्त सांगितलं जायचं, त्या सगळ्याला इथे मोठा धक्का बसला. मग १९९० मध्ये अमेरिकेत जुळ्यांवरचा अभ्यास आला, तो मला सगळ्यात आवडतो. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या, प्रत्येक जोडीत एकाला आजार आणि दुसरा ठणठणीत. गुणसूत्रं तीच, घर तेच, आणि तरी १५ पैकी १२ जोड्यांमध्ये नुसतं स्कॅन बघून ओळखता आलं की आजारी कोणता.

२०१६ मध्ये एनिग्मा नावाच्या जागतिक गटाने १५ सेंटरमधले २०२८ पेशंट आणि २५४० निरोगी लोक यांचे एमआरआय एकत्र मोजले. सगळ्यात ठळक फरक निघाला हिप्पोकॅम्पसमध्ये, नवीन आठवण पक्की करणारा भाग, तो सरासरीने लहान. त्याखालोखाल ॲमिग्डाला (भीती-भावनांचा भाग) आणि थॅलॅमस (निरोप पुढे पोचवणारा भाग) लहान, पोकळ्या मोठ्या. २०१८ च्या त्यांच्याच दुसऱ्या, आणखी मोठ्या मोजणीत मेंदूची वरची साल पातळ दिसली, कपाळाच्या आणि कानशिलाच्या भागात जास्त. काडेपेटी आठवते आणि कोथिंबीर निसटते ते इथून कुठूनतरी येतं.

हे होतं कशामुळे? जी गोष्ट मला सगळ्यात पटते ती छाटणीची. आमचे मामा तासगावचे, द्राक्षबागायतदार, त्यांना मी अशीच समजावली. ऑक्टोबर छाटणीत वेलीवर काडी किती ठेवायची याचा हिशोब असतो, कमी ठेवली तर घड कमी. किशोरवयात मेंदू पण स्वतःची छाटणी करतो, पेशींमधले नको असलेले जोड कापतो. २०१६ मध्ये सी-फोर नावाच्या जीनचा जो शोध लागला त्यातून असं दिसतं की काही जणांत ही कात्री जरा जास्तच चालत असावी. सगळा आजार त्या एका जीनमुळे नाही, शेकडो जीन थोडा थोडा हातभार लावतात, वर गर्भातला त्रास, गांजा, ताण असं बरंच काही.

पायरी १: एमआरआयच्या नादी लागू नका

आम्ही लागलो होतो. आठ हजार रुपये गेले, रिपोर्टवर लिहून आलं "नॉर्मल", आणि बाबा म्हणाले, बघ, मेंदूत काहीच नाही, सोंग आहे. त्या कागदाने आमच्या घरात वर्षभर जेवढं नुकसान केलं तेवढं आजाराने केलं नसेल.

म्हणून नीट समजून घ्या. वर सांगितलेले फरक हे हजारो लोकांच्या सरासरीचे आहेत. पेशंट आणि निरोगी या दोघांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कितीतरी पेशंटचा हिप्पोकॅम्पस तुमच्यामाझ्यापेक्षा मोठा असतो. कोल्हापूरची माणसं सरासरीने उंच निघाली म्हणून उंच दिसला की कोल्हापूरचा असं म्हणता येतं का, तसंच हे. पहिल्या झटक्याला डॉक्टर स्कॅन सांगतात ते ट्यूमर, इन्फेक्शन, जुना मार असलं काही नाही ना हे बघायला, तेव्हा जरूर करा. स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे ठरवायला किंवा दरवर्षी "मेंदू किती आकसला" बघायला करू नका.

पायरी २: पंधरा दिवस वही, बोलणं बंद

बोलणं म्हणजे रागावणं. शंभर पानी वही घ्या आणि जे चुकतं ते जसंच्या तसं लिहा, "आळस केला" असं नाही, "भाजी चिरायला बसला, मध्ये फोन वाजला, नंतर भाजी तशीच राहिली" असं. ही चूक लक्ष तुटण्याची. "तीन वस्तू सांगितल्या, एक आणली" ही चालू कामाची आठवण धरून ठेवण्याची. "आंघोळीला तासभर लागला" हा स्पीड. तपासणीत सगळ्यात जास्त मार्क बहुतेकदा या स्पीडमध्येच जातात, आणि घरचे त्यालाच रेंगाळणं म्हणतात. "बस आली नाही तर स्टँडवरच दोन तास बसून राहिला" हे म्हणजे ठरलेलं बिघडल्यावर दुसरा मार्ग न सुचणं. "मावशी चेष्टा करत होती, त्याला खरं वाटलं" हे समोरच्याचं मन ओळखणं. पंधरा दिवसांत कळतं की त्याची सगळीच बोंब नाही, दोन-तीन ठिकाणीच गाडी अडते. आमच्याकडे जुन्या आठवणी एकदम पक्क्या, १९९६ च्या वर्ल्ड कपचे स्कोअर तो अजून सांगतो (बाबांनी लहानपणी पाठ करून घेतलेले), पण नवीन ऐकलेलं पाच मिनिटांत उडून जायचं.

पायरी ३: जे दुरुस्त होतं ते आधी दुरुस्त करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फायदा सगळ्यात पटकन इथेच दिसतो. वही घेऊन डॉक्टरकडे जा आणि हे विचारा.

हात थरथरू नयेत, अंग आखडू नये म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे बऱ्याच घरांत "पॅसिटेन" म्हणतात ती, ही गोळी स्मरणशक्तीवर थेट परिणाम करते. कितीतरी वेळा ती पहिल्या महिन्यात सुरू होते आणि मग कोणी विचारत नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते, आणि नावापुढे "प्लस" असलेल्या बऱ्याच गोळ्यांत ती मिसळलेलीच असते म्हणजे तुम्हाला कळत पण नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ही अजून लागते का, हळूहळू कमी होईल का. आमच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने काढली आणि भाऊ संध्याकाळच्या बातम्या परत समजून बघायला लागला. स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका, अंग आखडतं आणि त्रास होतो तो वेगळाच.

मग झोपेची सुस्ती, गोळीची वेळ बदलून जमतं का. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह (शाकाहारी घरात नक्की बघा), शुगर. वजन वाढून जोरात घोरत असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते. डिप्रेशन असेल तर तेही डोकं जड करतं.

सिगरेट-बिडीचं एक वेगळं आहे. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन या आजाराच्याच गोळ्यांचं औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून कोणी अचानक सिगरेट सोडली तर तीच गोळी जास्त चढते, माणूस गुंगतो. सोडायचीच आहे, पण डॉक्टरांना सांगून. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखू-मिश्रीचा नाही (म्हणून मिश्री चांगली असं कोणी वाचू नका).

आणि ते इंटरनेटवरचं "गोळ्यांनी मेंदू आकसतो". २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात २११ पेशंट वर्षानुवर्षं स्कॅन करून पाहिले, जास्त डोसवाल्यांत मेंदूचा आकार थोडा जास्त कमी झालेला दिसला, हे खरं आहे. पण जास्त आजारी माणसालाच जास्त डोस मिळतो ही गुंतागुंत आहेच, आणि गोळ्या तोडल्यावर झटका परत येतो हे तर आम्ही स्वतः भोगलंय, त्या एका झटक्यात दोन वर्षांची कमाई गेली. यातून घ्यायचं एवढंच की पुरेल तेवढा कमीत कमी डोस, आणि तो डॉक्टरने ठरवायचा.

पायरी ४: चाचणी करून घ्या

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे "कॉग्निटिव्ह असेसमेंट करायचंय" (म्हणजे लक्ष, आठवण, स्पीड यांची चाचणी) एवढं सांगा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात विचारा, खर्च बराच कमी लागतो. आकडे उलटे म्हणायचे, पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकून सांगायची, चिन्हं जुळवायची, ठिपके क्रमाने जोडायचे, असलं असतं. झटका चालू असताना नको, सेटल झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. रिपोर्ट आला की "आय क्यू किती" हे विचारू नका, विचारा की याला काम शिकवताना ऐकून शिकवू की बघून. आमच्या भावाचं बघून लक्षात ठेवणं ऐकण्यापेक्षा कितीतरी चांगलं निघालं, आणि आम्ही सहा वर्षं त्याला तोंडीच सांगत होतो.

पायरी ५: घर बदला, माणूस नाही

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण रोजचं आयुष्य इथेच आहे.

चहाचं उदाहरण घ्या. "चहा कर" हे आपल्याला एक काम वाटतं, त्याच्यासाठी ती अकरा कामं आहेत. पहिल्यांदा त्याने पाणी ठेवलं, साखर शोधायला डबे उघडले, तिसऱ्या डब्यात शेंगदाणे दिसले ते खात बाहेर आला, पातेलं जळलं. मग आम्ही काय केलं, साखर, चहा पावडर आणि गाळणी एका ट्रेमध्ये, तो ट्रे शेगडीच्या उजव्या हाताला, बाकी काही नाही त्यात. समोरच्या टाईल्सवर मोबाईलने काढलेले सहा फोटो क्रमाने चिकटवले, पाण्याचं पातेलं, दोन चमचे साखर, एक चमचा पावडर, उकळी, दूध, गॅसचा बटण बंद. शेवटचा फोटो सगळ्यात मोठा आणि लाल चौकटीत.

शिकवताना सुरुवातीला चूक होऊच द्यायची नाही. आपण नेहमी "करून बघ, चुकशील तर शिकशील" म्हणतो, यांच्या बाबतीत ते उलटं पडतं, चुकीची पायरीच डोक्यात बसते. म्हणून पहिले चार दिवस मी शेजारी उभी राहून प्रत्येक फोटोवर बोट ठेवायची, मग नुसती उभी, मग दारात, मग हॉलमध्ये. तीन आठवडे लागले. आज दुपारचा चार वाजताचा चहा त्याचा असतो आणि आईपेक्षा चांगला करतो (आईला सांगू नका).

बाकी घरात पण तेच. एका वेळी एकच सूचना, लहान वाक्यात, टीव्ही बंद करून. किल्ली, पाकीट, चष्मा यांची जागा ठरलेली. गोळ्यांना सात कप्प्यांचा डबा, रविवारी रात्री भरायचा. मोबाईलच्या अलार्मला नाव द्यायचं, नुसतं टणटण नको, "जेवण झालं, रात्रीची गोळी" असं. उत्तर यायला वेळ लागतो, प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, मध्ये दुसरा प्रश्न टाकू नका.

आणि टोमणे बंद! आपल्याकडे सरळ बोलायची पद्धतच नाही. अकरा वाजता उठला की "उठले का महाराज, आणू का पालखी?" त्याने खरंच विचारलं होतं, कुठे जायचंय. आवाजातला खवचटपणा ओळखणं, चेहरा वाचणं हे त्या आजारात मार खातं, पण घरात आपल्याबद्दल काहीतरी वाईट चाललंय हे मात्र कळतं, आणि सतत टीका होणाऱ्या घरात झटका परत यायचं प्रमाण जास्त असतं हे १९६०-७० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी दाखवलंय, नंतर भारतासकट बऱ्याच देशांत तपासलंय. "अकरा वाजलेत, आंघोळ कर, मग नाश्ता." बास एवढंच.

पायरी ६: व्यायाम, मेंदूचा आणि पायांचा

कॉग्निटिव्ह रिमेडिएशन नावाची लक्ष-आठवण सुधारायची ट्रेनिंग असते, थेरपिस्टबरोबर, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. २०११ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून बघितलं तर फायदा मध्यम पण खरा निघाला, आणि तो रोजच्या जगण्यात उतरला कधी, तर सोबत प्रत्यक्ष काम किंवा रिहॅब चालू होतं तेव्हा. नुसतं मोबाईलवर पझल खेळून माणूस पझलमध्ये हुशार होतो, दुकानात नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, सगळे "सा" म्हणतात ती, आणि ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, इथे चौकशी करा. पालकांचे गट मिळतात, तिथे जे शिकायला मिळतं ते कुठेच नाही.

चालणं मात्र फुकट आहे. जर्मनीत २०१० मध्ये तीन महिने सायकलिंग केलेल्या थोड्या पेशंटचा हिप्पोकॅम्पस सुमारे १२ टक्के वाढलेला दिसला होता, नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तेवढं दिसलं नाही, पण दम लागेल असा व्यायाम लक्ष आणि आठवण थोडी सुधारतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे. आमचा सकाळी अजिंक्यतारा. पहिला महिना अर्ध्या वाटेवरूनच परत.

लक्ष-आठवणीसाठीची खास गोळी विचाराल तर आज नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधावर मोठी आशा होती, जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या शेवटच्या टप्प्याच्या ट्रायल फेल गेल्या. त्यामुळे "मेमरी वाढवा" म्हणून येणारी चूर्णं आणि टॉनिकं यांवर पैसे घालू नका.

पायरी ७: कागद

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्र) ऑनलाईन अर्ज, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. तिथे आयडियाज नावाच्या स्केलवर मोजतात: स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, वर आजाराची वर्षं. ४० टक्के किंवा जास्त आलं तर सवलती. त्या दिवशी मुलाला नवीन शर्ट घालून "सगळं नीट करतो हो आमचा" असं सांगू नका, सगळे आईबाप हेच करतात, इज्जतीचा प्रश्न वाटतो. वही न्या, ती वाचून दाखवा.

कधी वाट बघत थांबायचं नाही

विसरणं दोन-तीन दिवसांत किंवा आठवड्यांत एकदम वाढलं, दिवस-जागा कळेना, फिट आली, किंवा ताप आणि अंग लाकडासारखं ताठ, तर ती घरची पायरी नाही, सरळ इमर्जन्सी. मरायचं बोलला तर एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

वही अजून चालू आहे, आता तोच लिहितो. परवाचं पान: "दूध आणलं. कोथिंबीर आणली. काडेपेटी राहिली. चिठ्ठी खिशात होती, बघायची विसरलो." खाली त्यानेच लिहिलंय, "चिठ्ठी खिशात नको. पिशवीच्या बंदाला सेफ्टीपिन." आईने दोन सेफ्टीपिना पिशवीलाच कायमच्या लावून टाकल्यात.